कोरोच्या जागेवर

२२ नोव्हेंबर २०२०, रविवार

दुकान सातलाच बंद केलं. रब्बीचा पेरा बहुतेकांचा आटोपलाय, आणि ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन कुजवल्यापासून गिऱ्हाईक येतं ते उधारी वाढवायला. ताईकडं गेलो तर दोन्ही भाचे टीव्हीसमोर. थोरला कळंगुटला हॉटेलात होता. मार्चमध्ये हॉटेल बंद पडलं आणि हा एफसी गोवाची नारिंगी जर्सी अंगात घालून रेणापुरात उतरला. तेव्हापासून घरात फुटबॉल. धाकट्याला तोवर क्रिकेटशिवाय काही ठाऊक नव्हतं.

आज बेंगळुरूशी सामना. सत्तावन्नाव्या मिनिटाला गोवा दोन गोलांनी मागं. थोरला खाटेवर आडवा पडून छताशी बोलत होता, “कोरो पाहिजे होता.” मग सहासष्टाव्या मिनिटाला इगोर अँगुलोनं एक मारला, तीन मिनिटांत दुसरा. बरोबरी. धाकटा एवढ्यानं ओरडला की शेजारची म्हातारी दारात येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून.

थोरला मात्र उठून बसला तो तक्रार करायलाच. “दोन मारले, मान्य. पण नुसता गोलपाशी दबा धरून बसतो ओ मामा. कोरो मागं यायचा, बॉल घ्यायचा, दुसऱ्याला द्यायचा आन् परत पुढं हजर.”

धाकटा म्हणाला, “गोल मोजतेत का चालणं मोजतेत?”

२३ नोव्हेंबर

थोरल्याला कोरोचे आकडे पाढ्यासारखे पाठ. फेरान कोरोमिनास, स्पेनचा. एस्पान्योलकडून खेळायचा. २००६ मध्ये अखेरच्या सामन्यात नव्वद मिनिटं उलटल्यावर त्यानं गोल मारला म्हणून तो क्लब खालच्या श्रेणीत जायचा वाचला. गोव्यात २०१७ ला आला. इंडियन सुपर लीगच्या तीन हंगामांत १८, १६, १४. सत्तावन्न सामन्यांत अठ्ठेचाळीस गोल. पहिले दोन्ही हंगाम गोल्डन बूट त्याचाच. २०१९ चा सुपर कप, २०२० ची लीग शील्ड.

अँगुलोही स्पेनचाच, बिल्बाओकडचा. पण नाव कमावलं पोलंडमध्ये, गुर्निक झाब्झे या क्लबात. तिथं २०१८-१९ ला चोवीस गोल मारून अख्ख्या लीगमध्ये पहिला. वय छत्तीस. धाकट्यानं हे सगळं मोबाइलवर शोधून काढलं आणि भावाच्या तोंडावर वाचून दाखवलं. थोरला म्हणाला, “पोलंड पोलंडच्या जागी.”

आमच्या वडिलांची आठवण झाली. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्रमामा बिराजदारांनी १९६९ ला महाराष्ट्र केसरी मारली, पुढच्या वर्षी राष्ट्रकुलात सुवर्ण आणलं. त्यानंतर जत्रेच्या फडात कुणीही कुणालाही आसमान दाखवलं, तरी वडील उपरणं झटकत म्हणायचे, “बरा हाय. पर मामा न्हाई त्यो.” नवा पैलवान चितपट करून उभा असायचा आणि हे फडातून उठायचे.

६ डिसेंबर

केरळवर ३-१. अँगुलोचे दोन. दुसरा मी डोळ्यांनी बघितला म्हणून लिहितो. सामना संपल्यातच जमा. केरळचा गोलकीपर अल्बिनो गोम्स, तोही गोव्याचाच, चेंडू हातात घेऊन निवांत. लाथ मारायच्या आधी त्यानं तो खाली टाकला आणि पाठीमागून अँगुलो आला, चेंडू काढून घेतला, रिकाम्या जाळीत. चोरीच ती. पण नव्वद मिनिटं पळून झाल्यावर छत्तीसाव्या वर्षी माणूस चोरीवर डोळा ठेवून असतो, हे मला फार आवडलं. थोरल्यालाही हसू आलं. लगेच सावरला, “कोरोला असले गोल मारायची पाळी नाही आली.”

जानेवारी २०२१, तारीख राहून गेली

हॉटेल सुरू झालं, थोरला परत गेला. रात्री फोन आला. अख्खी लीग यंदा गोव्यातच: फातोर्डा, बांबोळी, वास्को. हा फातोर्ड्यापासून तास-दीड तासावर राहतो आणि सामना बघतो मोबाइलवर, कारण आत प्रेक्षकांना बंदी. म्हणाला, मागच्या वर्षी ७ मार्चला चेन्नईयनविरुद्ध मी स्टँडमध्ये होतो. चार मारले, तरी एकूण बेरजेत ६-५ नं गेलो. गेट बंद झालं ते तेव्हापासून. कोरोही गेला.

मग म्हणाला, “मामा, कोरोनं गोल मारला की वळख ना पाळख, असला माणूस मला उचलायचा. ह्याच्या गोलाला मी ताईच्या घरी बेसनभाकरीचं ताट धरून बसलो होतो.”

आईला तो ताईच म्हणतो. आम्ही सगळेच म्हणतो म्हणून.

मला वाटतं, गडी इतके दिवस कोरोबद्दल बोलतच नव्हता.

८ मार्च

उपांत्य फेरी, मुंबई सिटी. पहिला सामना २-२, त्यात अँगुलोची एक पेनल्टी. आज ०-०. मग पेनल्टी शूटआउट. त्याआधी दोन्ही संघांनी गोलकीपर बदलले, हे मी कधी ऐकलं नव्हतं. मुंबई ६-५. हरवणारी माणसं तरी कोण? प्रशिक्षक लोबेरा, बूमूस, जाहू, फॉल, आपला मंदार राव देसाई. कोरोच्या वेळचा अर्धा गोवा मुंबईच्या जर्सीत. धाकटा न जेवता झोपला. थोरल्यानं फोन उचलला नाही.

१३ मार्च

मुंबईनं चषक नेला. गोल्डन बूट अँगुलोला. मोहन बागानच्या रॉय कृष्णाचेही चौदाच, पण ह्यानं मिनिटं कमी घेतली. चौदा! कोरोचा शेवटचा आकडाही चौदा. धाकट्यानं भावाला फोन लावून तेवढा एक शब्द म्हटला आणि ठेवून दिला.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती घरातच झाली. रात्री आठपासून राज्यभर पुन्हा कडक निर्बंध. साडेदहाला सामना. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब, तोही फातोर्ड्यात, समोर कतारचा अल रय्यान, त्यांचा प्रशिक्षक लॉराँ ब्लाँ. ०-० सोडवला, फार मोठी गोष्ट.

पण संघाच्या यादीत अँगुलो नाही. परदेशी खेळाडू तीन, आशियाई एक, एवढीच परवानगी. बेदिया, गोन्सालेस, ऑर्टिझ आणि ऑस्ट्रेलियाचा डोनाकी. लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल मारणारा बाहेर. प्रशिक्षकाचा हिशेब असेल, मला त्यातलं कळत नाही. थोरल्याचा फोन मात्र सामना चालू असतानाच आला. अख्खा हंगाम ज्याला नावं ठेवली त्याच्यासाठी भांडत होता: “चौदा मारले हो त्यानं! असं कुणी वागवतं का?” मी म्हणालो, कोरो नाही ना तो. जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “तुम्ही बी ना मामा.”

२२ नोव्हेंबर २०२१

अँगुलो मुंबईला गेला. आज गोव्याविरुद्धच खेळला, फातोर्ड्यातच, आणि दोन मारले. मुंबई ३-०. गेल्या वर्षी ह्याच तारखेला ह्याच मैदानात ह्यानं गोव्यासाठी दोन मारले होते, ते धाकट्यानं लगेच काढलं. सोयाबीनच्या भावाची बोंब चालू आहे, दुकानात दिवसभर तेच; संध्याकाळी घरात हे.

गोव्याच्या पुढच्या फळीत आता ऐराम काब्रेरा आहे. तोही स्पेनचा, तोही पोलंड करून आलेला. मी थोरल्याला विचारलं, कसाय हा?

“ऐराम? बराय,” तो म्हणाला. “पण अँगुलो न्हाई तो.”