गावाच्या नावानं

आमच्या गल्लीत कोणाला नाव नव्हतं. रेशन कार्डावर असेल, पण हाक मारायला ते कधी लागलं नाही. सिंदेवाहीवाल्या काकू, आरमोरीवाले गुरुजी, बल्लारशावाले काकाजी, आणि कोपऱ्यावरच्या कवेलूच्या घरात एकटी राहणारी सिरोंचावाली मावशी. आम्ही चामोर्शीवाले. आमचं गाव खरं तर चामोर्शीपासून दोन कोस आत, पण तेवढा तपशील गल्लीला नको होता.

१९८५ च्या उन्हाळ्यात आम्ही तुकुमात आलो. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि बाबांना तिथे ठेकेदाराकडे कोळशाच्या पट्ट्यावर काम मिळालं होतं. गडचिरोली जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये वेगळा निघाला होता, त्यामुळे आजी सगळ्यांना सांगायची, पोरगा परजिल्ह्यात गेला. तुकूम म्हणजे ताडोबाच्या रस्त्यावरची वस्ती. पुढे दुर्गापूर, ऊर्जानगर, वीज केंद्राच्या चिमण्या, आणि मग जंगल. जटपुरा गेटच्या आत जायचं असलं की जुनी माणसं म्हणत, ‘चांद्याले जाऊन येतो.’ आपण चांद्यातच राहतो असं कोणालाच वाटत नसे.

गोंड राजांच्या अमलात जो तलाव बांधी त्याला जमीन मिळे, तिला तुकूम म्हणत, असं गुरुजी सांगायचे. चंद्रपूर-गडचिरोलीत या नावाची गावं बरीच आहेत. आमच्या तुकुमात मात्र एप्रिल लागला की नळ कोरडा पडायचा.

सामान उतरवलं त्या दुपारी आई चुलीसाठी विटा शोधत होती. फाटकात सिंदेवाहीवाल्या काकू उभ्या. कमरेवर पितळी गुंड, काठोकाठ भरलेला.

‘चूल मांडाच्या आधी पोराले पाणी तं पाज, बाई.’

ते पाणी त्यांनी पाऊण तास बोरिंगवर रांगेत उभं राहून आणलं होतं, हे आईला दुसऱ्या दिवशी स्वतः रांगेत उभी राहिल्यावर कळलं.

तिथलं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. २००७ च्या जूनमध्ये पारा ४९ अंशांवर गेला तेव्हा पेपरांनी बातमी केली, पण त्याआधीची वर्षंही काही थंड नव्हती. गल्लीत कूलर एकच, काकाजींकडे. दुपारी बारा ते चार त्यांच्या समोरच्या खोलीत आम्ही सात-आठ पोरं ओळीनं झोपलेली असायचो. काकाजी स्वतः ओला गमछा पांघरून मागच्या पडवीत. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची पाळी लहानांची. त्या बदल्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही. फक्त खर्रा आणायला मलाच पाठवत, आणि तो मी घोटत घोटत आणायचा.

वाळवणं घालायची तर आधी चिमण्यांचा धूर कोणीकडे वाकलाय ते बघायचं. धूर आपल्याकडे असला की मुंगवड्यांवर काळी कणी बसलीच. अशा दिवशी पहिली जिची नजर जाई ती ओरडे, आणि अख्खी गल्ली शेजारणीच्या छतावर धावे. स्वतःचं वाळवण मग.

पण मला सांगायचं आहे ते मावशीबद्दल.

बाबांची महिन्यातून दहा दिवस रात्रपाळी. आई खेड्यातली, त्यात बहीण तान्ही. रात्री पान हललं तरी उठून बसायची. हे मावशीला कोणी सांगितलं ठाऊक नाही. एका रात्री ती स्वतःची बाज डोक्यावर घेऊन आली, आमच्या दाराशी आडवी टाकली आणि झोपली. पुढे सात-आठ वर्षं बाबांची रात्रपाळी आणि मावशीची बाज यांचं वेळापत्रक एकच होतं. सुतळीची, एका पायाला पत्र्याची पट्टी ठोकलेली बाज. तिची कुरकुर ऐकू आली की आईला झोप लागे.

मावशीचं मराठी निम्मं तेलुगू. सिरोंच्याकडे तसंच बोलतात, पलीकडच्या तीरावर तेलुगू मुलूखच आहे. १९८७ च्या गणपतीत मी मांडवात तिची नक्कल केली. लुगडं नेसून, डोक्यावर खाट घेऊन, ‘ओ बाई, पानी देव’ वगैरे. माणसं पोट धरून हसली. मावशीही पहिल्या रांगेत होती. हसली की नाही ते बघायची माझी हिंमत झाली नाही. त्या रात्री बाबांना पाळी होती. नेहमीच्या वेळी बाज आली. अंधारात मावशी म्हणाली, ‘मी पानी कुटं म्हनते रे? नीळ्ळु म्हनते. नक्कल कराची तं बराबर कर.’

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी गावाहून ताप घेऊन परतलो. मलेरिया डोक्यात चढला होता. मध्यरात्री मी बरळायला लागलो ते आधी मावशीनं ऐकलं, मग आईनं. मावशीनं काकाजींचं दार बडवलं. त्यांच्या लुनावर मधे मी, मागे आई. वाटेत एका डॉक्टरनं दार उघडलं नाही. मग सरकारी दवाखाना. गुरुजी सायकलनं वीज केंद्राच्या गेटपर्यंत गेले. आत कोणी सोडलं नाही म्हणून पाळी सुटेपर्यंत थंडीत तिथेच बसून राहिले, बाबांना बातमी रस्त्यावर परस्पर कळू नये म्हणून. मी पाच दिवस दवाखान्यात होतो. तेवढे दिवस बहीण मावशीच्या हातून जेवली. घरी आलो तर दारातच ती मला विचारते, ‘तिन्नावा?’ जेवलास का? पुढे कितीतरी महिने ती हेच बोलायची.

दवाखान्याचे, औषधांचे पैसे ज्यांनी दिले त्यांचे बाबांनी हप्त्याहप्त्यानं फेडले. मावशीचं काय फेडणार? आईनं एकदा लुगडं घेऊन दिलं. तिनं ते अंगाला लावून बघितलं आणि सहा महिन्यांनी बहिणीच्या दुपट्याला वापरून टाकलं.

१९९६ मध्ये तिचा भाचा तिला न्यायला आला. सिरोंचा म्हणजे एसटीनं आलापल्लीमार्गे अख्खा दिवस मोडायचा. ‘बाज टपावर कायले टाकता,’ म्हणाली आणि ती आमच्या पडवीत ठेवून गेली. कवेलूचं घर पाडून तिथे दुमजली इमारत झाली, घरमालकही गेला.

आता गल्लीत दहा घरांना अकरा कूलर आहेत आणि फाटकांना कुलपं. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं आणि लगेच दुर्गापुरात बिबट्यानं पोराला नेलं, तेव्हा मात्र दोन-तीन आठवडे माणसं पुन्हा एकमेकांशी बोलली. शिकवणीहून येणाऱ्या पोरांना आळीपाळीनं कोण आणणार ते ठरायचं. मी माझ्या पाळीला जायचो. त्यातल्या निम्म्या पोरांच्या घरचे कुठले ते मला माहीत नव्हतं, आडनावं मात्र सगळी पाठ. दारावर पाट्याच आहेत.

बहिणीच्या लग्नात, २००९ मध्ये, आई म्हणाली, पहिली पत्रिका मावशीची. बाबा पेन घेऊन बसले आणि थांबले. आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे. शेवटी बाबांनी सुचलं ते लिहिलं.

त्यानंतर तेरा वर्षांनी, २०२२ च्या जुलैत, गोदावरीच्या पुरानं सिरोंचा तालुक्यातली गावं रिकामी करावी लागली. तिकडे नोकरीला असलेल्या मित्राला मी फोन केला. तो म्हणाला, ‘निवाऱ्यात शोधतो न. नाव सांग.’

लिफाफा अजून आईच्या पेटीत आहे. पत्त्याच्या जागी दोनच शब्द आहेत.