वरचें सभागृह आणि खालचें तळें

विधान परिषदेस आपण वरिष्ठ सभागृह म्हणतों. परंतु या 'वरिष्ठ' शब्दानें सामान्य मनुष्याच्या मनांत आदरापेक्षां संशयच अधिक उत्पन्न होतो, असा माझा अनुभव आहे. विधानसभेंत आपल्या भागांतून कोण गेला, हें महाडच्या बाजारपेठेंतला भाजीवालाहि सांगेल. पण परिषदेंत कोण बसतो आणि त्याला तेथें कोणीं पाठविलें, असें विचारलें तर चांगले शिकलेसवरलेले गृहस्थहि चष्मा पुसूं लागतात. दोष सर्वस्वीं त्यांचा नाहीं. ज्या घराला पांच दरवाजे आणि प्रत्येक दरवाज्याची किल्ली निराळ्या माणसाच्या कनवटीला, त्या घरांत कोण कोणत्या वाटेनें शिरला याचा पत्ता लागणें कठीणच.

महाराष्ट्राच्या परिषदेंत ७८ सभासद असतात. त्यांपैकीं ३० जणांस विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांस नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषदा इत्यादि स्थानिक संस्थांचे सभासद. ७ जणांस पदवीधर. ७ जणांस शिक्षक. आणि उरलेल्या १२ जणांस राज्यपाल नेमतात. परिषद विधानसभेप्रमाणें एकदम विसर्जित होत नाहीं. सभासदाची मुदत सहा वर्षांची असते व दर दोन वर्षांनीं सुमारें एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. नदीचें पाणी वाहून जातें पण नदी जागेवर राहते, तशी ही योजना आहे.

मत देण्याची रीतहि निराळी आहे. येथें यंत्राचें बटण दाबावयाचें नसतें. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे आंकडे घालावयाचे, आणि तेहि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या लेखणीनेंच. आंकड्याऐवजीं खूण केली किंवा सही ठोकली कीं मत बाद. मग वैध मतांस रिकाम्या जागांहून एक अधिक अशा संख्येनें भागून आलेल्या भागाकारांत एक मिळविला कीं विजयाचा कोटा ठरतो. जो तो ओलांडतो त्याचीं जास्तीचीं मतें दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, आणि तळाला राहिलेला बाद होऊन त्याचींहि मतें पुढें सरकतात. आमदारांच्या निवडणुकींत तर प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. २०२४ च्या जुलै महिन्यांत ११ जागांसाठीं १२ उमेदवार उभे राहिले, तेव्हां २७४ आमदारांच्या हिशेबानें कोटा २३ मतांचा पडला होता. आणि जो एकटा बाहेर राहिला तो आमच्याच रायगड जिल्ह्यांतील शेतकरी कामगार पक्षाचा पुढारी, जयंत पाटील. मतदान गुप्त असल्यामुळें कोणाचा शब्द कोठें फिरला, याची चर्चा मग चहाच्या टपऱ्यांवर पुष्कळ दिवस चालली.

मी पदवीधर असल्यामुळें या पांच दरवाज्यांपैकीं एकाची लहानशी किल्ली माझ्याहि हातीं आहे. पदवी मिळून तीन वर्षें झालेल्या मनुष्यास अर्ज करून यादींत नांव घालतां येतें. मात्र ही यादी दर निवडणुकीस नव्यानें होते, म्हणून मागल्या वेळचें नांव पुढच्या वेळीं कामास येत नाहीं. आमचा कोंकण पदवीधर मतदारसंघ पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेला आहे. मागें एकदां असें मत देऊन मी महाडांत घरीं परतलों, तों पोलादपूरकडच्या डोंगरांतून आमच्याकडे लावणीच्या दिवसांत येणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई ओटीवर बसल्या होत्या. माझ्या बोटावरची शाई पाहून त्या म्हणाल्या, "मतदान हाय म्हंता दादा, मग आमच्या वाडीत कुनी कसं नाय सांगितलं?" हें मतदान शिकलेल्यांपुरतें आहे, असें मीं त्यांस समजाविलें. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे आमाला येक, नि तुमाला दोन?"

या प्रश्नास घटनेंतलें उत्तर सोपें आहे. अनुच्छेद १७१ मध्यें पदवीधरांस व शिक्षकांस प्रत्येकीं सुमारें एक द्वादशांश जागा दिल्या आहेत. ज्या काळीं साक्षरताच थोडी होती त्या काळीं शिक्षितांचें मत वेगळें ऐकावें, असें घटनाकारांस वाटलें. परंतु त्या बाईंनीं कलम विचारलें नव्हतें, न्याय विचारला होता. आणि अधिक विचार केला तर त्यांची तक्रार माझ्या दुसऱ्या मतापुरती राहत नाहीं. महाड नगरपालिकेचा नगरसेवक व पोलादपूर नगरपंचायतीचा नगरसेवक रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांत मत देतो. जिल्हा परिषदेचा सभासद व पंचायत समितीचा सभापतिहि देतो. पण ग्रामपंचायतीचा सरपंच किंवा पंच देत नाहीं. कर्नाटकांत ग्रामपंचायतीच्या सभासदांस हें मत आहे, महाराष्ट्रांत नाहीं. २०२१ च्या जुलैंत ज्यांच्या अंगावर डोंगर कोसळले तीं महाड तालुक्यांतील तळिये आणि पोलादपूर तालुक्यांतील केवनाळें व सुतारवाडी हीं गांवें आठवावीं. दरडीचा पहिला तडाखा ज्या पंचायतीस बसतो, तिला या सभागृहाच्या निवडणुकींत हात नाहीं.

मग हें सभागृह ठेवावेंच कशाला, असें पुष्कळ विचारतात. अधिकारानें पाहिलें तर तें फार बलवान् नाहीं. अर्थविधेयक त्याला चौदा दिवसांपलीकडे अडवितां येत नाहीं. इतर विधेयक प्रथम तीन महिने व विधानसभेनें पुन्हां संमत केल्यास आणखी एक महिना, एवढाच काय तो विलंब. जें रोखूं शकत नाहीं, त्यानें निदान विचार तरी द्यावा, एवढीच त्याजपासून अपेक्षा उरते.

आणि या बाबतींत महाडकरास बोलण्याचा थोडा विशेष अधिकार आहे. कायदेमंडळाचा ठराव आणि गांवाचें पाणी यांचा संबंध काय असतो, हें आमच्या गांवानें जितकें पाहिलें तितकें फार थोड्यांनीं पाहिलें असेल. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत ठराव मांडला कीं, सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. तेव्हां कौन्सिल एकच सभागृहाचें होतें (दुसरें १९३७ सालीं आलें), आणि मतदारहि मिळकतीच्या अटीनें मोजकेच. तरी त्या मोजक्यांच्या सभेंतून तो ठराव बाहेर पडला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या माणसांमुळें महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. १९२६ सालीं बोल्यांनीं पुन्हां ठराव आणला कीं, जी पालिका हें अमलांत आणणार नाहीं तिचें अनुदान बंद करावें. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनीं ओंजळभर पाणी घेतलें. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मार खावा लागला. पुढें ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोल्यांच्या मूळ ठरावास बरोबर चार वर्षें होत असतां, पालिकेनें आपला ठराव मागें घेतला. शेवटीं हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला, तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें तळें मोकळें झालें.

या सर्व हकीकतींत दोन गोष्टी माझ्या मनांत घर करून आहेत. पहिली ही कीं, वरच्या सभेनें कितीहि चांगलें म्हटलें तरी खालची पालिका तें गिळून टाकूं शकते. पालिकेच्या हातीं मत देणें म्हणजे तिला शहाणपण देणें नव्हे. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. बाबासाहेब त्या १९२७ सालीं स्वतः मुंबई कौन्सिलाचे सभासद होते, आणि ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. त्या काळच्या मतदारयादींतून त्यांचे लोक कधीं त्यांस पाठवूं शकले असते असें दिसत नाहीं. तो आवाज नेमणुकीच्या दरवाज्यानेंच आंत आला.

म्हणून पांचव्या दरवाज्याची कोणी केवळ थट्टा केली तर मला तें पटत नाहीं. त्यांतून ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर यांच्यासारखे कवि परिषदेंत गेले. रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांनीं लावून धरली ते वि. स. पागे या परिषदेचे अध्यक्ष होते, आणि त्या कल्पनेचा १९७७ सालीं कायदा झाला. दुष्काळांत खडी फोडणाऱ्या माणसाचा हक्क पदवीधरांच्या सभागृहांतून आला, हें त्या म्हाताऱ्या बाईंना सांगण्यासारखें उत्तर आहे. पण तेंहि पुरतें नाहीं. कारण हाच दरवाजा कधीं कधीं अडसर घालून बंदहि ठेवला जातो: २०२० च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें शिफारस केलेलीं १२ नांवें २०२२ च्या जूनमध्यें तें सरकार जाईपर्यंत निर्णयाविना पडून राहिलीं. स्थानिक संस्थांवर २०२२ नंतर वर्षानुवर्षें प्रशासक बसले, तेव्हां त्यांच्या वांट्याच्या अनेक जागाहि ओस पडल्या. मतदारच नाहींत तर प्रतिनिधि कोठून यावा?

माझें मत असें बनलें आहे कीं, हें घर पाडूं नये. दरवाजे मात्र पुन्हां बसवावेत. पदवीधराचें दुसरें मत काढून घेतलें तरी माझी हरकत नाहीं, पण त्याआधीं ग्रामपंचायतीच्या सभासदास आंत येऊं द्यावें. स्थानिक संस्थांच्या यादींत ती भर घालणें संसदेच्या हातीं आहे; त्यासाठीं घटना बदलण्याचेंहि कारण नाहीं. नेमणुकीच्या १२ जागा, ज्यांचा आवाज मतपेटींतून कधींच येत नाहीं अशांसाठींच खर्च व्हाव्यात, आणि त्या ठराविक मुदतींत भरल्या जाव्यात.

त्या बाईंना मीं त्या दिवशीं चहा दिला आणि त्यांच्या प्रश्नाला 'कायदाच तसा आहे' एवढेंच म्हटलें. त्यांनीं मान डोलाविली. पण पटल्याची ती खूण नव्हती. चवदार तळ्याचेंहि कित्येक वर्षें असेंच सांगत असत कीं, रीतच तशी आहे.