मजुरी आणि मानधन

कामाबद्दल मिळणाऱ्या पैशाला मराठीने किती वेगवेगळी नावे दिली आहेत, हे एकदा मोजून पाहावे. वकिलाला फी, गवयाला बिदागी, भटजींना दक्षिणा, कारकुनाला पगार, व्याख्यात्याला मानधन आणि गवंड्याला मजुरी. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, ‘मजूर’ फारसीतून. पण कोणाला कोणता शब्द लावायचा हे मात्र आपले आपण ठरवले. ज्याच्याशी घासाघीस करण्याची लाज वाटते त्याच्या पैशाला एक शब्द, आणि ज्याच्याशी घासाघीस केली नाही तर आपण फसलो असे वाटते त्याच्या पैशाला दुसरा. घरी दुरुस्तीला येणाऱ्या इलेक्ट्रिशियनची कमाई या दुसऱ्या वर्गातली.

आम्ही गोवंडीत राहतो. हार्बरच्या रुळांनी या उपनगराचे दोन भाग केले आहेत. आमच्या देवनारच्या बाजूला इमारती आहेत आणि 1954 पासून टाटा समाजविज्ञान संस्था आहे. पलीकडे शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि त्यांच्याही पलीकडे कचराभूमी. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. अलीकडचे पंखे आणि गिझर पलीकडच्या हातांनी चालू राहतात. आमच्याकडे गेली काही वर्षे येणारे कारागीर बैंगनवाडीचेच; आयटीआयमध्ये दोन वर्षे वायरमनचा अभ्यासक्रम केलेले. तुमचा दर कसा ठरतो, असे आम्ही त्यांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “सर, दर आम्ही सांगतो, पण ठरवता तुम्ही.”

या वाक्यात त्या व्यवसायाचे सारे अर्थशास्त्र आले आहे. नव्या घराचे वायरिंग असेल तर हिशेब सोपा असतो. तेथे मोजमाप ‘पॉइंट’चे, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतही ते तसेच होते. दुरुस्तीला मात्र असे माप नाही. पंखा बंद पडला, तर दोष कंडेन्सरमध्ये असेल, रेग्युलेटरमध्ये असेल, किंवा भिंतीआड जळालेल्या जोडात असेल. पहिला पाच मिनिटांत निघतो, तिसऱ्याला दुपार जाते. पाच मिनिटांत काम झाले की घरधनी म्हणतो, “एवढ्याशा कामाचे एवढे?” आणि दुपार गेली की म्हणतो, “इतका वेळ लागलाच कसा?” दोन्ही वेळा पैसे कमी करण्याचे कारण मात्र सापडते. फाटकावरच्या वहीत नाव लिहून थांबण्याचा वेळ, सुटा भाग आणायला दुकानात जाण्याचा वेळ, पहिल्या पावसात फोन थांबत नाही आणि नंतर दिवसचे दिवस वाजत नाही तो रिकामा वेळ, यांपैकी काहीच हिशेबात धरले जात नाही.

मग ही तूट भरून निघते ती आडवाटेने. स्विच, होल्डर, वायर यांच्या खरेदीवर दुकानदार कारागिराला काही टक्के देतो. वायरच्या काही खोक्यांत कंपनीनेच कारागिरासाठी कुपन ठेवलेले असते. मजुरीत पन्नास रुपये वाचवल्याचे समाधान मानणारा गृहस्थ तेच पन्नास मालाच्या किमतीत भरतो, आणि वर ‘हे लोक मालात खातात’ असेही म्हणतो. आमच्या मते हा अप्रामाणिकपणा कारागिराच्या स्वभावातला नसून दराच्या रचनेतला आहे.

कायद्याचा येथे फारसा उपयोग होत नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. ती 2019 मध्ये संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. जुना कायदा काय आणि नवी संहिता काय, दोन्ही मालक आणि नोकर हे नाते गृहीत धरतात. अर्ध्या तासासाठी घरात आलेल्या माणसाचा मालक कोण? परवान्याचेही तसेच. 1956 च्या विद्युत नियमांतील 45 व्या नियमाने वीजजोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडे दिले. पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्याचे काम त्यातून वगळले. सोय म्हणून ते योग्यच होते. परंतु जे काम कोणीही करू शकतो असे नियमच मानतो, त्याला कौशल्याचा दर मिळणे कठीण.

हे सारे आम्हांला परके वाटत नाही, कारण आमच्या व्यवसायातही ‘पॉइंट’ आहे. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असे मान ठरवले. पण तासामागची तयारी, उत्तरपत्रिका, प्रवास आणि उन्हाळ्याची सुट्टी तासिकेत कोठे बसतात? फरक इतकाच, की आमच्या पैशाला मानधन म्हणतात. त्या शब्दातला ‘मान’ वाणसामानाच्या बिलाला लागू पडत नाही.

जुन्या गावगाड्यात कामागणिक दर नव्हता. बलुतेदाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. त्याच्या रिकाम्या दिवसांची जबाबदारी अंशतः तरी गावावर होती. पण तो वाटा ठरे जातीच्या पायरीवरून, आणि काम नाकारण्याची मुभा नसे. दया पवारांनी 1978 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव का दिले, ते वर्गात शिकवताना आम्ही हाच मुद्दा सांगतो. तेव्हा बलुत्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. दुसरी वाट मुंबईनेच दाखवली आहे. हमालांनाही एकच मालक नव्हता. तरी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला, टोळ्यांची आणि मालकांची मंडळाकडे नोंदणी झाली, आणि मजुरीवर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधीची सोय झाली. मालक एक नसला तरी दर एक असू शकतो.

हे ध्यानात घेऊन आम्ही आमच्या सोसायटीच्या सभेत साधी सूचना मांडली: येण्याचा आकार वेगळा, दोष शोधण्याचा वेगळा, कामाचा वेगळा, आणि माल बिलाप्रमाणे, कारागिरांशी बोलून हे दर फलकावर लावावेत. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “फलकावर लावलं की मग कमी करता येणार नाही.” आक्षेप प्रामाणिक होता. दर ठरलेला नसणे ही कोणाची सोय आहे, हे इतक्या स्वच्छपणे आम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकले नव्हते. सूचना पुढच्या सभेवर गेली आहे. दरम्यान आम्ही आमच्यापुरते ते चार आकडे एका कागदावर लिहून घेतले आहेत. ते कारागिरांनी सांगितले आणि आम्ही लिहिले. ठरवताना आमची बाजू प्रथमच ऐकणाऱ्याची होती.