नकटे

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात हत्यार म्हणजे विळा, कुऱ्हाड आणि आईचे तोंड! याखेरीज चौथे हत्यार मी एकोणीस वर्षांत कधी हाताळले नव्हते. त्यामुळे गेल्या पौषात एक अस्सल अमेरिकन रिव्हॉल्व्हर माझ्या तळहातावर दहा मिनिटे विसावले, हे वर्गातल्या मित्रांना सांगितले तेव्हा एकाचाही विश्वास बसला नाही. "मराठीच्या पेपरात कल्पनाविस्तार लिही," म्हणाले. म्हणून हे लिहीत आहे, पण कल्पनाविस्तार नव्हे.

आमचे पिंप्राळे आज जळगाव महानगरपालिकेत असले तरी जुनी माणसे अजून "जळगावले जाऊन येतो" असेच म्हणतात. आषाढी एकादशीला रथ निघतो तेव्हा ते पुरते गाव होते, एरवी उपनगर. या गावातल्या एका वाड्यात माझ्या वडिलांनी, आबांनी, एकवीस वर्षे सालदारकी केली. आखाजीला साल धरायचे, पुढच्या आखाजीला सोडायचे, आणि मध्ये घेतलेली उचल फिटली नसेल तर पुन्हा धरायचे. उचल कधी फिटली नाही, हे वेगळे सांगायला नको.

मालकांकडे रिव्हॉल्व्हर होते. खंडेनवमीला पाटावर आधी तलवार, मग रिव्हॉल्व्हर, आणि खाली जमिनीवर पाभर, कोयते, पास असा क्रम असे. झेंडूची फुले आबा आणीत. पण पाटावरची फुले मालक स्वतः वाहत. सालदारांत त्या वस्तूविषयी नाना कथा होत्या. तिच्या पोटात सहा गोळ्या कायम भरलेल्या असतात. एकदा कापूसचोरावर झाडली होती, तो पार गिरणेपर्यंत पळाला. आबांनी या कथा मला लहानपणी सांगितल्या, तेव्हा त्यांचा आवाज खाली येत असे. वाडा चार गल्ल्या दूर असूनसुद्धा.

एक कथा मात्र त्यांनी सांगितली नाही, ती आईने सांगितली. माझ्या जन्माआधी एका दुष्काळी वर्षी आबांनी साल अर्धवट सोडून सुरतेला जायचे ठरवले होते. आमच्याकडची निम्मी माणसे सुरतेला जातात, त्यात नवल नाही. आबा विचारायला वाड्यावर गेले. मालक ओट्यावर बसून फडक्याने ते रिव्हॉल्व्हर पुसत होते. एक शब्द रागाने बोलले नाहीत. "उचल किती राहिली रे?" एवढेच विचारले, आणि पुसत राहिले. आबा सुरतेला गेले नाहीत.

मालक गेल्या श्रावणात वारले. चिरंजीव पुण्याला नोकरीला; त्यांना वाडा विकायचा होता. सामानाची यादी करायला इंग्रजी वाचता येणारा मुलगा हवा, म्हणून मालकीणआजींनी मला बोलावले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या पायरीचा हा पहिला उपयोग! रिव्हॉल्व्हर मात्र कोणालाच सापडत नव्हते. परवान्याचे पुस्तक होते, वस्तू नव्हती, आणि चिरंजीवांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता.

मला ते सापडले बाबूराव अर्नाळकरांच्या मागे. वरच्या माळ्यावरच्या कपाटात त्यांच्या रहस्यकथा तीन रांगांत भरल्या होत्या. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली, असे वाचले होते. त्यातली शे-दीडशे तरी तिथे असावीत. झुंजार, काळापहाड यांच्या पाठीशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकण उघडले तर तेलाचा वास आला. जागा तर काय, अगदी लेखकाला साजेशी! मी झाकण लावले आणि जिन्यावरूनच हाक मारली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून हवालदारसाहेब आले. १९५९चा शस्त्र कायदा सांगतो की परवानेधारक गेल्यावर वारसाने हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे; ठेवायचे असेल तर स्वतःचा परवाना काढावा. चिरंजीवांना ते नको होते. हवालदारांनी घडी उलगडली, अंगठ्याने खिट्टी मागे ओढली, आणि गोल चक्री बाजूला झुलून बाहेर आली. सहा घरे, सहाही रिकामी. त्यांनी प्रत्येक घरातून उजेड पाहिला, मग माझ्याकडे वळले. "काय पाहून राह्यला भाऊ? वाच, काय लिहेल आहे."

मी वाचले. कोल्ट. हार्टफोर्ड. डिटेक्टिव्ह स्पेशल. बोअर ३२. कोल्ट म्हणजे शिंगरू. लाकडी मुठीवरच्या बारीक पदकात एक घोडा मागच्या पायांवर उभा होता. पुढे ग्रंथालयात पाहिले तेव्हा कळले की हा नमुना १९२७ साली निघाला, साध्या वेशातल्या पोलिसांनी कोटाच्या खिशात दडवावा म्हणून. नळी अवघी दोन इंचांची. आखूड नळीमुळे लांबचा नेम कच्चा, पण खिशातून काढताना अडकत नाही. अशा रिव्हॉल्व्हरला इंग्रजीत आखूड नाकाचे म्हणतात. आपल्याकडे सरळ शब्द आहे : नकटे.

आणि नकटे असूनही देखणे! हे लिहिताना मला जरा संकोच होतो, पण खोटे का लिहू? पोलादावर निळसर काळी झाक होती, पावसाळी रात्रीच्या आभाळासारखी. मुठीवरच्या लाकडाच्या बारीक चौकड्या बोटांना खरखरीत लागत, पण कुठे झिजल्या नव्हत्या. चक्री बोटाने फिरवली की "टिक टिक" असा हलका, नेमका आवाज येई. घोडा न चढवता नुसता चाप ओढला, तरी त्या एका ओढीत चक्री एक घर पुढे सरकते, घोडा मागे जातो आणि सुटतो. हवालदारांनी हे अगदी सावकाश करून दाखवले, नळी भिंतीकडे धरून, घोडा अंगठ्याने अडवून. एका बोटाच्या ओढीत तीन कामे! आमच्या पाभरीत इतकी अक्कल असती तर!

"चामड्याच्या म्यानात ठेवलं असतं तर गंजलं असतं," ते म्हणाले. "चामडं ओल धरतं. मालकांनी तेलाच्या फडक्यात ठेवलं, म्हणून नवं राह्यलं."

नवे राहण्याचे दुसरे कारण डब्याच्या तळाशी होते. काडतुसांचे खोके. हवालदारांनी ती मोजली : पंचवीस. परवान्यावरची नोंद पाहिली : १९७१ साली पंचवीस घेतली. त्यानंतर एकही नोंद नाही. नळीत डोकावून त्यांनी मान हलवली. म्हणजे मालकांच्या हातून हे एकदाही उडाले नव्हते. तो कापूसचोर गिरणेपर्यंत कशाला घाबरून पळाला, कोण जाणे!

इतिहासात आम्हाला शिकवतात की १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी देश निःशस्त्र केला. तरी २२ जुलै १९३१ रोजी वासुदेव बळवंत गोगटे या फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या ग्रंथालयातच हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडले, हॉटसन बचावले. आमच्या खानदेशात १४ एप्रिल १९४४ला चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. ती हत्यारे सरकारवर रोखलेली होती. हे नकटे कोणावर रोखलेले होते? कोणावरच नाही, आणि तरी त्याने आपले काम चोख केले. मी ते तळहातावर घेऊन उभा होतो, आवडले म्हणून सोडवत नव्हते, आणि तेवढ्यात अंगणात आबा दिसले.

पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक शेजारचे दुकानदार. दुसरे म्हणून आजींनीच आबांना बोलावले होते. आबा उंबऱ्याशी थांबले. हवालदार म्हणाले, "या, वस्तू पाहून घ्या. पंचांनी पाहायला लागते." मी हात पुढे केला. आबांनी आधी धोतराला हात पुसले, मग ते घेतले. कापसाचे गाठोडे हाताने तोलणारा माणूस. त्यांनी ते दोनदा वर-खाली केले.

"अर्धा किलोच्या जरा वर भरीन," म्हणाले. मग खोक्याकडे पाहून, "अन् हे पंचवीसच्या पंचवीस?"

"पंचवीसच्या पंचवीस."

आबा काही बोलले नाहीत. चक्री एकदा बोटाने फिरवली, टिक टिक ऐकले, पुन्हा फिरवली. आजी म्हणाल्या, "त्याहीले आवाज सहन होत नसे रे. दिवाळीत कानात कापूस घालत." आबा हसले. आजींसमोर त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो.

माझे अक्षर बरे म्हणून पंचनामा मी लिहीत होतो. हवालदार सांगत, मी उतरवी. नळी दोन इंच, मूठ लाकडी, घोड्याचे चिन्ह, स्थिती उत्तम. मग पंचांची नावे आली, वये आली. आबांच्या नावापुढे "धंदा" हा रकाना होता. सालदारकी सुटून सात वर्षे झाली. आता ते दाणाबाजारात हमाली करतात. माझी लेखणी जरा थबकली. मी "शेती" लिहावे म्हणून अक्षर जुळवीत होतो.

"हमाल लिही," आबा म्हणाले. "अन् पहिले सालदार होता, तेही लिही. याच वाड्यात."

हवालदार म्हणाले, पहिले काय होते ते रकान्यात बसत नाही. आबांनी कागद आपल्याकडे ओढला, सही केली, आणि सहीखाली मावेल तेवढ्या जागेत, प्रौढशिक्षणात शिकलेल्या मोठ्या अक्षरांत, स्वतःच लिहिले.