केतूच्या वेशीपाशी

पोर्तो-नोवो सोडून उत्तरेला लागलं की बेनिनची तांबडी माती गाडीच्या काचांवर बसू लागते. पोबेपर्यंत तेलताडाची झाडं दाट, मग रान विरळ होतं आणि केतू येतं. नायजेरियाची सीमा इथून जवळच.

जुन्या तटाची वेस, अकाबा इदेना, आधी पाहिली. मातीच्या जाड भिंती आणि खंदक. इफेहून आलेल्या, मूळपुरुष ओदुदुवाच्या वंशजांनी हे योरुबा राज्य उभारलं, असं परंपरा सांगते. इथल्या राजाला ‘अलाकेतू’ म्हणतात. १८८६ साली शेजारच्या दाहोमे राज्याच्या सैन्याने वेढा घालून शहर उद्ध्वस्त केलं, लोकांना धरून नेलं. पुढे फ्रेंचांनी दाहोमेचा पाडाव केल्यावर जगले-वाचलेले परतले आणि गाव पुन्हा वसलं. जळालेल्या गावात गेलेडे, म्हणजे इथला मुखवटे घालून होणारा नाचगाण्याचा विधी, कसं तगलं, हाच प्रश्न घेऊन मी आले होते.

गेलेडे हा आयांचा मान. आदिमाता ‘इया न्ला’, पूर्वज स्त्रिया आणि गावातल्या जख्ख म्हाताऱ्या या सगळ्यांचा. मूल देणारी, पाऊस आणणारी शक्ती त्यांच्या ठायी असते आणि त्या रागावल्या तर तीच शक्ती गावावर उलटते, ही श्रद्धा. म्हणून पुरुष लुगडी गुंडाळून, कापडाची छाती-नितंब बांधून, पायांत लोखंडी वाळे घालून जोडीजोडीने नाचतात. मंडळीची मुख्य मात्र बाईच, इयालाशे. इतकं सामर्थ्य कबूल करून बायकांपुढे नाचणारे पुरुष पाहताना मला भरून आलं.

मुखवटा लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरतात आणि तो डोक्यावर बसवतात. नाचणारा खालच्या कापडातून पाहतो. कोरलेला चेहरा शांत, पापण्या जड, गालांवर कुळाचे व्रण. त्या चेहऱ्याच्या वर मात्र सगळा संसार: पक्षी, साप, शिवणयंत्र, मोटारसायकल, विमान. पोर्तो-नोवोच्या संग्रहालयात हे मुखवटे नीट मांडलेत, पण वाळ्यांशिवाय आणि ढोलाशिवाय ते मला अर्धेच वाटले. एगुनगुन या योरुबांच्या दुसऱ्या मुखवटा-विधीत प्रत्यक्ष मृत पूर्वजच येतात अशी श्रद्धा, म्हणून आतला माणूस ओळखायचाच नाही. गेलेडेत चांगल्या नर्तकाचं नाव गावभर होतं.

नाचाच्या आदल्या रात्री बाजारचौकात एफे हा मुखवटाधारी गायक गातो. मुखवट्याआडून तो आयांना वंदन करतो, मग चोर, लबाड, माजलेले पुढारी यांची खरडपट्टी काढतो. त्याच्या बोलण्याबद्दल त्याला कुणी शिक्षा करत नाही. सुगीनंतर हे होतंच. दुष्काळ किंवा साथ आली तरी होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच मिळालं: मुखवटा जळला तर नवा कोरता येतो; गाणी, ताल आणि आयांचा धाक माणसांबरोबर चालत जातात. १८८९ साली इंग्रज-फ्रेंचांनी रेघ मारून केतूच्या मुलखाचे दोन तुकडे केले. तरी रेघेपलीकडच्या इमेको गावातही गेलेडे नाचतंच. २००१ मध्ये युनेस्कोने गेलेडेचा गौरव केला, तो बेनिन, नायजेरिया आणि टोगो या तिन्ही देशांच्या नावे.