सोय कोणाची?

‘विनंती’ हा शब्द दिसतो तितका गरीब नाही. धाकट्याने थोरल्याला केली तर ती विनंतीच राहते. थोरल्याने धाकट्याला केली, की तिच्या पोटात आज्ञा दडलेली असते. आम्ही वकील अर्जाच्या शेवटी न्यायालयास जी विनंती करतो ती फेटाळण्याचा न्यायाधीशांना पूर्ण अधिकार असतो. जी नाकारण्याची मुभा नाही तिला विनंती कशी म्हणावी?

हा विचार मनात आला तो परिचयातील एका मुलीमुळे. मडगावच्या एका खाजगी कचेरीत ती हिशेबाचे काम पाहते. २६ आठवड्यांची प्रसूतिरजा संपवून ती रुजू झाली, आणि तिसऱ्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून मोठ्या आपुलकीने सांगितले, “घरी तान्हे मूल आहे. तुमची ओढाताण बघवत नाही. एक तारखेपासून चारच तास येत जा. पगार त्या मानाने होईल. अर्ज तेवढा द्या.” अर्जाचा मसुदा छापून तयारच होता, खाली सही तेवढी हवी होती. तो कागद घेऊन ती मजकडे आली. म्हणाली, “काका, साहेब वाईट नाहीत हो. आणि खरे सांगू? मी दमतेही फार. मग सही करायला हात का धजत नाही?”

हात धजत नव्हता तो उगीच नव्हे. प्रसूतिलाभाचा कायदा १९६१ च्या डिसेंबरात झाला, गोवा मुक्त झाला त्याच महिन्यात. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांवर गेली. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. परंतु मूळचे अभिवचन तिनेही राखले आहे: या रजेमुळे स्त्रीला कामावरून काढता येत नाही, की तिच्या नोकरीच्या शर्ती तिचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येत नाहीत. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा सुटी, आणि ५० वा अधिक माणसे कामास असतील तेथे पाळणाघर, हेही त्याच कायद्यात आहे. दुपारीच घरी परतणाऱ्या बाईसाठी या सोयी कोण कशाला लिहून ठेवील? पूर्ण दिवस काम करणारी आई कायद्याने गृहीतच धरली आहे.

मग अर्ज कशासाठी? मालकाने लादलेला बदल कायद्याला सलतो. तोच बदल कर्मचाऱ्याने स्वतःहून मागितला, की त्याचा रंग पालटतो. त्या एका सहीने कचेरीची गरज मुलीची इच्छा होऊन बसते. पुढे कधी वाद उपस्थित झाला तर पहिला पुरावा म्हणून तोच कागद समोर ठेवला जाईल.

शिवाय अर्ध्या पगाराची झळ त्या महिन्यापुरती राहत नाही. ग्रॅच्युइटी ठरते ती अखेरच्या वेतनावर, दर वर्षाच्या सेवेला १५ दिवसांप्रमाणे. समजा, वेतन ३०,००० रुपये आणि सेवा दहा वर्षांची. तर रक्कम सुमारे १ लाख ७३ हजार होते. अर्ध्या वेतनावर असतानाच नोकरी सुटली, तर ती सुमारे ८६ हजारांवर येते. म्हणजे मूल होण्यापूर्वी पूर्ण दिवस राबून काढलेली वर्षेही मागे जाऊन निम्म्या मोलाची होतात! अपंगत्वामुळे कमी वेतनावर काम करावे लागलेल्या माणसाची आधीची वर्षे जुन्याच वेतनाने मोजावीत, अशी तरतूद कायद्याने केली आहे. आईसाठी मात्र ती नाही. पुढच्या बाळंतपणाचा लाभही रजेपूर्वीच्या तीन महिन्यांच्या सरासरी वेतनावरच मोजला जातो.

मी तिला सांगितले, “सही करू नकोस, आणि भांडूही नकोस. फक्त विचार.” तिने चार ओळींचे पत्र दिले. आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल आभारी आहे. तास कमी करण्याची ही सूचना कचेरीची असल्यास तिचे कारण, तिची मुदत आणि पूर्ववत् वेतनावर परतण्याची तारीख कृपया लेखी कळवावी. तोपर्यंत मी नेहमीच्या वेळेस हजर राहीन. पत्राची प्रत, पोच घेऊन, तिने आपल्यापाशी ठेवली.

उत्तर आले नाही. आठ दिवसांनी साहेब जाता जाता “राहू द्या ते” एवढेच म्हणाले.

पण तिचे दमणे खरे होते, ते कागदाने थोडेच हटणार? महिनाभराने तिने स्वतःच अर्ज लिहिला: तीन महिने तासभर लवकर जाऊ द्यावे, त्या तासाचे वेतन कापावे, अमुक तारखेस मी पूर्ण वेळेवर येईन. साहेबांनी कुरकुर करीत दोन महिने मंजूर केले. तास याही अर्जाने कमी झाले. पण येथे मुदत होती, परतीची वाट होती, आणि शब्द तिचे होते. कमी काम मागण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याची मागणी आपल्या तोंडी घालून घेण्यात मात्र आहे, आणि तोटाही.

मॅनेजर दुष्ट होता असे मला आजही वाटत नाही. बाईचे मन घरी असणार, हे त्याने न विचारताच ठरवून टाकले होते, इतकेच. त्याच सुमारास त्याच कचेरीतील एका कारकुनालाही मुलगा झाला. त्याने पेढे वाटले, रात्रीच्या जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी तो टेबलावर पेंगलाही. त्याची ओढाताण मात्र कोणाला बघवेनाशी झाली नाही, आणि चार तास येण्याची विनंती त्याला कोणी केली नाही.