अंदाज आणि उचल

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. फराळाचे ताट पुढे केले, तेव्हा त्याने पिशवीतून पत्त्यांचा एक जोड काढून शेजारी ठेवला. त्यात राजा-राणी नव्हते, नुसते आकडे होते : १, २, ३, ५, ८, १३ आणि पुढे २०, ४०, १००. “आमच्या ऑफिसात हे खेळतात मॅडम, आणि वर पगारही देतात,” तो हसत म्हणाला.

आम्ही दोघे बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. हा मुलगा संगणकशास्त्राचा. मराठी ही त्याची द्वितीय भाषा. आता तो पुण्याला हिंजवडीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. ग्राहकाला नेमके काय हवे ते समजून घ्यायचे आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कळेल असे मांडायचे, हे त्याचे काम. भाष्यकाराचेच म्हणायचे.

त्या पत्त्यांवरचे पहिले सहा आकडे पाहून आम्हांला मात्र आमचा छंदःशास्त्राचा तास आठवला. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. एका मात्रेची जागा एकाच प्रकारे भरता येते, दोन मात्रांची दोन प्रकारे, तिनांची तीन, चारांची पाच, पाचांची आठ, सहांची तेरा. हेमचंद्राने बाराव्या शतकात ही मांडणी सांगितली. इटलीतल्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२चा. आज जगभर ही श्रेणी फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. असो. कामाचा अंदाज करताना ती वापरण्याचे कारण साधे आहे. लहान कामांतला फरक माणसाला कळतो. काम मोठे झाले की एकवीस आणि बावीस यांतला फरक कळत असल्याचा नुसता आव असतो. म्हणून आकड्यांमधली अंतरेही वाढत जातात.

२००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी मिळून जो जाहीरनामा लिहिला, त्यातून ‘अ‍ॅजाइल’ हे नाव रूढ झाले. सारे आधी ठरवून वर्षभराने माल हाती देण्याऐवजी थोडेथोडे करावे, दाखवावे, सुधारावे, असा त्याचा आशय. पत्त्यांची ही रीत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२मध्ये मांडली आणि माइक कोन यांच्या २००५च्या पुस्तकाने ती सर्वदूर नेली. तिचे नाव प्लॅनिंग पोकर. अ‍ॅनालिस्ट एक मागणी वाचून दाखवतो. काम करणारा प्रत्येक जण मनाशी आकडा ठरवून पत्ता पालथा ठेवतो आणि सगळे पत्ते एकदम उघडतात. आकडा तासांचा नसतो. आधी केलेल्या एखाद्या कामाच्या तुलनेत हे केवढे, एवढेच तो सांगतो. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा टाकणाऱ्यांनी आपली कारणे सांगायची, आणि मग पुन्हा पत्ते टाकायचे.

त्याने उदाहरण दिले. ‘खातेदाराला आपला वारस मोबाइलवरून बदलता यावा’, एवढीच मागणी होती. लिहिणाऱ्याने ३चा पत्ता टाकला, तपासणाऱ्या मुलीने १३चा. तिने विचारले, वारस अज्ञान असेल तर पालक कोण? खाते दोघांच्या नावे असेल तर संमती कोणाची? ग्राहकाला हे कोणी विचारलेलेच नव्हते. “चूक माझी होती सर. माझ्या वाक्यात ते नव्हतं,” तो म्हणाला. अ‍ॅनालिस्टने इतरांच्या कामाचा आकडा टाकायचा नसतो. ज्याने काम करायचे त्यानेच तो टाकायचा. पण आकड्यांत अंतर पडले की ते बहुधा त्याच्याच वाक्यातले असते. मग तो ती मागणी फोडून तिच्या तीन लहान मागण्या करतो, किंवा ग्राहकाकडे प्रश्न घेऊन जातो. एकाच ओळीचे पाच विद्यार्थ्यांनी पाच अर्थ लावले की आम्ही वर्गात थांबतो आणि ओळीकडे परत जातो. हे तसेच आहे.

इथवर आम्ही कौतुकाने ऐकत होतो. मग त्याने उरलेले सांगितले.

त्यांच्या गटाने तीन पंधरवड्यांत अनुक्रमे २१, १८ आणि २४ गुणांचे काम पुरे केले होते. सरासरी २१. पुढे १२६ गुणांचे काम शिल्लक होते. सरासरीने सहा पंधरवडे, गती मंदावली तर सात. याने प्रामाणिकपणे ‘सहा ते सात’ असे लिहिले आणि खाली अटीही घातल्या : ग्राहकाची उत्तरे वेळेवर आली, मागण्या वाढल्या नाहीत, तर. वरच्याने ‘ते सात’ खोडले, अटी गाळल्या आणि सहाव्या पंधरवड्याच्या शुक्रवारची तारीख ग्राहकाला कळवून टाकली. ऐन गणपतीत गट रात्री जागला. त्यानंतर पत्त्यांवरचे आकडे फुगू लागले. जे काम पूर्वी ३चे होते, ते आता कोणी ८च्या खाली धरीना.

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “ही उचलच आहे सर. नाव तेवढं वेगळं.”

त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे : एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे आगाऊ रक्कम देतो, ती उचल. हंगामात हा कोयता किती टन ऊस तोडील, या अंदाजावर ती बेतलेली असते. पण एकदा पैसे हातात पडले की तो अंदाज राहत नाही, कर्ज होतो. पाऊस लांबला, बाई बाळंत झाली, कारखाना लवकर बंद झाला, तरी टनांचा हिशेब तोच. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामाच्या माथी. “आमची तुलना करायची नाही,” त्याने स्वतःच बजावले. “मला एसीत बसून महिन्याला पगार येतो, आईच्या हाताला अजून घट्टे आहेत. पण ‘किती होईल’ म्हणून विचारायचं आणि ‘एवढं देणं लागतोस’ म्हणून वसूल करायचं, ही रीत मी घरीच पाहिली.”

मराठीत या व्यवहाराला किती शब्द आहेत! अंदाज, अदमास, कयास, अटकळ, आडाखा, ठोकताळा. यांतल्या एकाचाही अर्थ वचन असा नाही. अंदाज वसूल होऊ लागला की माणसे खरे बोलायचे थांबवतात, आणि मग ज्या ज्ञानासाठी तो मागितला तेच हाती येत नाही. आमच्या भागात दर खरिपाला पिकांची पैसेवारी जाहीर होते. तिच्यावरून गावोगाव वाद होतात, तेही रास्तच. ५० पैशांच्या वर की खाली यावर गावाची सवलत ठरते. पण तिच्या रचनेत एक शहाणपण आहे. सप्टेंबरात नजरअंदाज, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यावर डिसेंबरात अंतिम, अशी ती तीनदा सांगितली जाते. शेतात उभ्या पिकाविषयी पहिल्या दिवशी सगळे कळत नाही, हे सरकारी कागदानेही मान्य केले आहे.

त्याचे बोलून झाल्यावर आम्हांला एक जुनी गोष्ट सांगणे भाग पडले. तो पहिल्या वर्षाला असताना ‘कमवा व शिका’ योजनेत एकच जागा उरली होती. यादीत त्याचे नाव होते. ऊसतोडीच्या घरातली पोरे दिवाळीनंतर वर्गातून दिसेनाशी होतात, हा आमचा नेहमीचा अनुभव. आमच्यापैकी एकाने म्हटले, “हा नोव्हेंबरात जाणार.” दुसऱ्याने मान डोलावली. जागा दुसऱ्या मुलाला गेली. हा गेला नाही. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात कपबश्या विसळून शिकला.

तो शांतपणे म्हणाला, “मी जाणारच नव्हतो. आजी घरी होती, तिच्याजवळ कुणी तरी राहायचं होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

आमचे पत्ते पालथे नव्हते. पहिला बोलला आणि दुसऱ्याचा विचार तिथेच संपला. एक प्रश्न विचारायचा राहिला आणि एका मुलाची तीन वर्षे अवघड झाली. आमचा अंदाजही त्यानेच फेडला.

जाताना पत्ते त्याने आमच्याकडेच ठेवले. यंदा प्रवेश आटोपल्यावर योजनेची यादी घेऊन बसलो, तेव्हा आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिले आणि कागद एकदम उघडले. सात नावांवर आमचे जुळले नाही. त्या सातही मुलांना बोलावून घेतले.